नादारीचं रजिस्टर

"नादारीचं रजिस्टर सालाप्रमाणे लावलंय, बाई. नाव नंतर, आधी साल सांगा," कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधले कारकून म्हणाले.

साल मला पाठ होतं. त्या वर्षी मी शाळेतून आले, तर माझा तबला जागेवर नव्हता. तबल्याची परीक्षा आठ दिवसांवर होती.

"विकला," अप्पा म्हणाले. "पोरीच्या जातीला काय करायचाय तबला?"

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते गेले तेव्हाही रडले नाही.

"सत्त्याऐंशी," मी म्हणाले.

कारकुनांनी लाल फडक्यात बांधलेलं प्रकरण झटकून पुढे ठेवलं. घराच्या कागदांसाठी मला अप्पांच्या नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, शेवटचा हुकूम तेवढा हवा होता. पानं उलटताना त्यांचं अक्षर दिसलं. जप्तीच्या यादीखाली त्यांनी कोर्टाला लिहिलं होतं, 'तबला-डग्गा मुलीचा आहे. तिची परीक्षा आहे. तेवढा सोडावा, ही हात जोडून विनंती.'

खाली वेगळ्या शाईत एकच शब्द होता. नामंजूर.

"नक्कल कुठल्या पानाची काढायची?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हुकूम पुढच्या पानावर आहे, बाई."

मला बोट उचलवेना.