भरपाईतला कुत्रा

कुत्रा तिसऱ्या रांगेत शिरला आणि वर्ना स्टॅम्परने पर्स पोटाशी आवळली.

ब्रश फोर्क काउंटीच्या, म्हणजे त्या जिल्ह्याच्या, सभागृहात त्या दुपारी मतदान व्हायचे होते. व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या खपवून या डोंगराळ मुलखातली घरे ओस पाडणाऱ्या कंपन्यांनी अखेर भरपाई दिली होती, आणि ती कशावर खर्चावी हा वाद होता. काउंटीचे पोलीसप्रमुख शेरीफ प्रॅटर यांना अमली पदार्थ हुंगणारे कुत्रे हवे होते. त्यांतल्याच एकाचे प्रात्यक्षिक ते दाखवत होते; वास लागला की तो तिथेच बसणार होता. नमुन्याची पुडी त्यांनी शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीखाली लपवली होती. वर्नाची मुलगी टेसा हिला त्याच पैशांतून, नशेतून सुटू पाहणाऱ्या बायकांसाठी एक घर हवे होते. कुत्र्यानंतर बोलायची पाळी तिची होती.

टेसा तुरुंगातून अटींवर सुटली होती. तिच्याजवळ कणभर जरी सापडले, तरी उरलेली शिक्षा भोगायला तिला परत जावे लागणार होते.

आणि वर्नाच्या पर्समध्ये दुसरी पुडी होती. सकाळी ती मुलीच्या जाकिटात सापडली होती. ती निरखून पाहण्याचेही धैर्य वर्नाला झाले नाही. हातरुमालात गुंडाळून तिने ती दडवली. वाटेत पुलावरून नदीत फेकावी, असा तिचा बेत होता. पण गाडी टेसा चालवत होती.

नखे फरशीवर वाजत जवळ आली. टेसाच्या जाकिटापाशी कुत्रा क्षणभर रेंगाळला आणि पुढे सरकला. वर्नाने कोंडलेला श्वास सोडला. त्याच क्षणी तो वळला, तिच्या गुडघ्यांसमोर बसला आणि हलेना.

"शेरीफ, जेवू घाला की त्याला!" मागून कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

"वर्नाबाई, सॉसेज-बिसेज आणलंत की काय?" प्रॅटरही हसले. मग त्यांना तिचा पांढराफटक चेहरा दिसला. "पर्स उघडा, बाई."

"माझं आहे ते," वर्ना म्हणाली. पर्स अजून बंदच होती. "मी घेते. गुडघे दुखतात माझे."

आता कुणी हसले नाही. टेसाने आईकडे पाहिले. जाकिटाच्या खिशात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. मग ती उठली.

"पुडी माझी आहे, शेरीफ. तिला सोडा." तिने पर्सकडे बोट केले. "बघा उघडून, वरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. रोज हात खिशात जातो आणि रोज तसाच परत येतो. ज्या दिवशी तो रिकामा परत येणार नाही ना, त्या दिवसासाठी ते घर मागायला आले होते मी."