डबल बेल

"ब," महेश्वरी म्हणाली आणि थांबली. "ट." पुन्हा थांबली. "ण."

"मग काय झालं?" गुरप्पा आजोबांनी विचारलं.

"बदक!"

"आन् मधला ट कुटं उतरला? तिकीट काढलं हुतं की त्यानं!"

महेश्वरी हसली नाही. पहिलीच्या बाईंचा नियम होता, नवा शब्द जो आपला आपण वाचेल त्यानं त्या दिवशी शाळा सुटायची लांब घंटा वाजवायची. वर्गातल्या सगळ्यांनी ती वाजवली होती. महेश्वरी तेवढी राहिली होती.

"अक्षरं येत्यात मला, अज्जा," ती रडवेली झाली. "शब्दच हुत न्हाय."

आजोबांची तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून गेली होती. त्यांनी चहाचा रिकामा पेला पालथा घातला आणि चमचा हातात घेतला.

"तुजी गाडी दर झाडाखाली थांबती गं. हे बघ, एक बेल मंजी थांबा." टिंग. "डबल बेल मंजी सोडा." टिंग टिंग. "ब म्हणलं की ट येईस्तोवर आवाज तोडायचा न्हाय. चल."

टिंग टिंग.

"बऽऽ..." गाडी बंद पडली. पुन्हा बेल. पुन्हा बंद पडली. आजोबांनी तितक्याच शांतपणे चौथ्यांदा बेल दिली.

"बऽऽटऽऽण." तिचा हात आपोआप गणवेशाच्या गळ्याशी गेला. "अज्जा! बटण!"

"पोचली की गाडी! आता शाळंत जा. तितं बेल न्हाय, मनातल्या मनात दे."

संध्याकाळी मंद्रूपच्या शाळेच्या फाटकाशी नातवंडं न्यायला आलेल्या माणसांत आजोबा सगळ्यांच्या पुढं उभे होते. पाच वाजले.

टण टण.

दोनच ठोके, मग शांतता. दप्तरं पाठीवर घेतलेली पोरं व्हरांड्यातच थबकली. शाळा सुटली की नाही, कुणालाच कळेना.

"अगं, लांब वाजवायची असती!" बाई हसत बाहेर आल्या.

घंटेखाली स्टुलावर महेश्वरी उभी होती. हातात हातोडी, डोळे फाटकाकडे. ती कुणासाठी तरी थांबली होती.

आजोबांचा हात सवयीनं वर गेला.

"जाऊ द्याऽऽ!" ते ओरडले.

आणि शाळा सुटली.