डब्यांवरच्या चिठ्ठ्या

जनावरांच्या डॉक्टर हर्षदा मॅडमनी पाकीट फाडलं, तसा मच्छिंद्र मान लांबवून बघू लागला.

न्हावऱ्याच्या डेअरीच्या ओट्यावर तिघंच होते. मॅडम, मच्छिंद्र आणि त्याचे थोरले चुलतभाऊ सोपानराव. भाद्रपदात मॅडमनी गावातल्या चाळीस गोठ्यांत लाळ्या-खुरकूताची लस टोचली होती. निम्म्या गोठ्यांना नेहमीची, निम्म्यांना नवी. या रोगाचा विषाणू रूप पालटत राहतो, मग जुनी लस त्याला ओळखत नाही, म्हणून ही नवी, असं त्यांनी समजावलं होतं. रूप पालटून घरात शिरतो म्हणजे हा भावकीतलाच दिसतोय, असं मच्छिंद्र तेव्हा मनात म्हणाला होता.

ऊसतोडीच्या बैलांबरोबर रोग गावात आला आणि थेट सोपानरावांच्या गोठ्यात शिरला. पाच गाईंच्या तोंडाला फोड आले, खुरं सडली, एक वासरू दगावलं. मच्छिंद्रचा गोठा बांधापलीकडंच. दोन्हीकडची जनावरं एकाच हौदावर पाणी प्यायची. तरी त्याच्या सातही गाई ठणठणीत राहिल्या. बाकी गावात रोग फिरकलाच नाही. त्यामुळं नव्या लसीची सगळी परीक्षा या दोन गोठ्यांवर येऊन ठेपली. कुणाला कुठली लस दिली, ते त्या पाकिटात होतं.

मॅडमनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नवी लस मच्छिंद्ररावांच्या डब्यात होती. नेहमीची सोपानरावांच्या. म्हणजे नवी लस चालली! आता हीच साऱ्या तालुक्याला द्या, असं मी लिहून पाठवते."

खरी गोष्ट मच्छिंद्रला एकट्याला ठाऊक होती.

लस टोचायच्या दिवशी दोघांचे थर्माकोलचे डबे याच ओट्यावर होते. बर्फाच्या पाण्यानं चिकटपट्ट्या सुटल्या, म्हणून नावाच्या चिठ्ठ्या रबरात खोचल्या होत्या. कुठल्या डब्यात काय आहे ते मलाही माहीत नाही, असं मॅडम म्हणाल्या आणि तिथंच मच्छिंद्रच्या डोक्यात किडा वळवळला. वाटणाऱ्याला ठाऊक नाही, असं कुठं असतं? त्यात सोपानराव डेअरीचे चेअरमन. त्यांनी मॅडमना आग्रहानं जेवायला नेलं. चांगली लस चेअरमनच्याच गोठ्यात जाणार, यात मच्छिंद्रला तिळभर शंका उरली नाही. मंडळी जेवायला वळली आणि त्यानं दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

सोपानरावांची जनावरं आजारी पडली, तेव्हा आधी त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. वासरू गेलं, तेव्हा मात्र त्याला बांधापलीकडं बघवेना. आणि आता हा कागद! चांगली लस आधीपासून त्याच्याच डब्यात होती. ती त्यानं आपल्या हातानं सोपानरावांकडं धाडली आणि रोग तर त्यांच्याच गोठ्यात आला. म्हणजे नवी लस फुसकी निघाली होती, आणि मॅडम तीच साऱ्या तालुक्याला टोचणार होत्या.

त्यानं चोरून सोपानरावांकडं पाहिलं. ते मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. नेहमीची लस आपल्या वाट्याला आली हे कळूनही चेअरमन एका शब्दानं भांडत नाहीत? यांना आपला संशय आला असणार. आपण आता काय बोलतो, याचीच वाट बघत असणार.

गप्प बसावं तर हजारो गाई या लसीच्या भरवशावर मरतील. बोलावं तर सख्ख्या चुलतभावाला फसवणारा म्हणून गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मॅडम लिहायला लागल्या.

"मॅडम, लिहू नका," मच्छिंद्र म्हणाला. स्वतःचा आवाज त्यालाच परका वाटला. "त्या दिशी चिठ्ठ्या म्या बदलल्या हुत्या. माझा डबा दादाच्या गोठ्यात गेला, दादाचा माझ्या. तुमची नवी लस चालली न्हाई. दादा, मला माफ करा."

मॅडमचं पेन थांबलं. पाच वर्षांचं काम होतं ते. त्यांनी वही मिटली आणि डोळ्याला रुमाल लावला.

सोपानरावांनी मात्र झटकन मान वर केली.

"कवा बदलल्या रं तू?"

"तुम्ही समदी जेवायला गेलात तवा."

मग सोपानराव मॅडमकडं वळले, पण नजर काही वर उचलेना.

"मॅडम, तुम्ही जेवून हात धूत हुत्या, तवा मी हितं येऊन गेलो. सकाळी ह्याच्या बायकूनं, सवितानं, तुमची ओटी भरली हुती. म्हटलं, चांगला डबा आता तिकडंच जाणार. आन् मीबी चिठ्ठ्या बदलल्या."

मॅडमनी दोन बोटं उचलून हवेतच इकडची तिकडं केली, पुन्हा तिकडची इकडं केली. मग हळूच वही उघडली.

"म्हणजे दोनदा बदलून डबे आपापल्या जागी आले," त्या म्हणाल्या. "कागद खरा आहे. लस चालली."

मच्छिंद्रनं मोकळा श्वास घेतला. हसू त्याच्या ओठावर आलंच होतं, तेवढ्यात सोपानराव ओट्याच्या कडेला मटकन खाली बसले.

"म्हंजी मच्छ्या, चांगली लस तू माझ्या दारात आणून ठिवली हुतीस," ते म्हणाले. "आन् मीच ती तुला माघारी धाडली."