दुपारचा फोन

"हिरवं बटण दाबलं की बोलायचं. झालं की लाल दाबायचं," चंदर म्हणाला आणि बिनवायरीचा नवा फोन त्यानं आईच्या हातात दिला. "आणि वर हे नंबर दिसतात बघ. टेलिफोन ऑफिसात जाऊन ती सोय करून घेतलीय. झुंबरताईचा फोन असला तर पहिला आकडा शून्य येईल. सुरतेचा ना तो."

नवसाबाईंनी फोन उलटसुलट करून पाहिला. "मनीषाला सांगितलं का?"

"नाही. संध्याकाळी बघेल की." चंदर डबा घेऊन दुसऱ्या पाळीला नोटांच्या प्रेसमध्ये निघून गेला.

खुब्याचं हाड मोडल्यापासून नवसाबाई जेलरोडच्या त्या घरात आतल्या खोलीत पडून होत्या. जुना फोन बाहेर, टीव्हीशेजारी. तिथपर्यंत जाणं आता त्यांच्या नशिबात नव्हतं. सून मनीषा सकाळी त्यांचं अंग पुसून, वेणी घालून सातपूरला कारखान्याच्या ऑफिसात जायची. दुपारी शेजारची खुर्शीदा जेवू घालायची, कूस बदलून द्यायची आणि आपल्या शिवणाकडे परतायची. मग घर एकदम गप्प व्हायचं. जन्मभर मखमलाबादच्या मळ्यात आणि भाजीबाजाराच्या कलकलाटात राहिलेल्या बाईला ते गप्प घर अंगावर यायचं.

त्याच वेळी बाहेर फोन वाजायचा. रोज.

पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यांनी उठायची धडपड केली आणि कळवळून परत आडव्या झाल्या. मग विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं, की या वेळेला आपली आठवण काढणारं दुसरं कोण असणार? झुंबरच. सुरतेला दिलेली लेक. सासरची माणसं जरा लवंडली की गुपचूप फोन लावत असेल. त्या दिवसापासून नवसाबाई रिंगची वाट बघू लागल्या. वाजत असेपर्यंत डोळे मिटून ऐकायच्या. थांबली की म्हणायच्या, "सुखी ऱ्हा बाई."

रात्री जेवताना त्या हमखास सांगायच्या, "आज बी झुंबरचा फोन आला व्हता. लेकीचा जीव लय असतो आईवर."

"हो का," म्हणून मनीषा त्यांच्या ताटात भाकरी चुरायची. ती बोलायला कमीच. कामाला वाघीण, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. नवसाबाईंना ते खुपायचं.

"ताईला सांगू का, संध्याकाळी करत जा म्हणून?" चंदरनं एकदा विचारलं होतं.

"नको. चोरून करत आसंल. इचारलं तर तेवढं बी बंद व्हईल." शेवटी आईला निदान एकदा तो फोन उचलता यावा म्हणून चंदर हा नवा फोन घेऊन आला होता.

खुर्शीदा जेवण उरकून गेली. नवसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले. लेक काही बघणार नव्हती, तरी केले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं. आणि हातातला फोन वाजला.

त्यांनी नंबर पाहिला. पहिला आकडा दोन. म्हणजे इथलाच, नाशिकचा.

त्यांचा चेहरा उतरला. आज नेमकं भलत्याच कुणीतरी मध्येच तोंड घातलं. तरी त्यांनी हिरवं बटण दाबलं.

"कोन हाय?"

लांबून टाइपरायटरची टकटक तेवढी ऐकू येत होती. मग एक घाबरलेला आवाज आला.

"आई? तुम्ही उठलात? अहो, पडाल ना! भिंतीला धरा, जागच्या हलू नका. मी खुर्शीदाभाभींना फोन करून पाठवते."

नवसाबाईंना उलगडायला जरा वेळ लागला.

"मनीषा, मी पलंगावरच हाय," त्या हळू म्हणाल्या. "चंदरनं बिनवायरीचा फोन आणलाय. माझ्या हातात दिऊन गेला."

पलीकडे मनीषानं सुस्कारा टाकला.

"रोज तूच करती व्हय?"

"हो."

"मला उठता येत नाय, हे ठावं असून?"

"घर दिवसभर सुनं असतं. काहीतरी वाजलं म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय असं वाटेल तुम्हाला, म्हणून करायचे."

"आन मी रोज रात्री झुंबरचं नाव घ्यायची, तवा का नाय बोललीस?"

"तुम्ही किती खुशीत सांगायचात, आई. ते मोडवेना."

रोज सकाळी केसांतून कंगवा फिरवणारे हात नवसाबाईंना आठवले. कधी केस ओढला गेला नव्हता. रोजचे ते आशीर्वाद वाटेत चुकले नव्हते, ज्या घरातून निघायचे त्याच घरात पोचत होते. लेकीशी बोलायचं म्हणून जुळवलेलं सगळं त्या विसरून गेल्या होत्या.

"मी तर उचलायची नाय," त्यांनी विचारलं. "मंग तू काय करायचीस तिकडं?"

मनीषानं आवाज खाली आणला.

"वाजून वाजून बंद होईपर्यंत कानाला धरून बसायचे. तेवढा वेळ तुमच्यापाशी बसल्यासारखं वाटायचं."

नवसाबाईंनी डोळे पुसले आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"बस मंग जराशी," त्या म्हणाल्या.