बुधवारचा चिवडा

कॅसिनोवाल्यांनी पोकर रूम बंद करून तिथे स्लॉट मशीन्स बसवायचं ठरवलं, तेव्हा मुकुंदरावांच्या मुलीला हायसं वाटलं. "बरं झालं बाबा, आता तरी बुधवारी सीनिअर सेंटरला जात जा."

पत्त्यांचं मुकुंदरावांना तसं काही सोयरसुतक नव्हतं. पण कुमुदताईंना जाऊन दोन वर्षं झाली तरी त्या टेबलावर त्या अजून जिवंत होत्या. तिथे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. दर बुधवारी ब्रेकमध्ये पूर्वीसारखाच चिवड्याचा डबा उघडायचा, "मिसेसने पाठवलाय" म्हणायचं आणि ती वाट बघत असेल म्हणून संध्याकाळी वेळेवर उठायचं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे पत्ते ओळखणारी ती मुरलेली माणसं, पण एकालाही कधी शंका आली नाही, याचं त्यांना मनातून नवल वाटायचं.

शेवटच्या बुधवारीही डबा फस्त झाला. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. "चला, निघतो. कुमुद वाट बघत असेल," मुकुंदराव सवयीने म्हणाले. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसणारा म्हातारा रॉन त्यांना सोडायला पार्किंगपर्यंत आला. रिकामा डबा त्यांच्या हातात देत हळूच म्हणाला,



"पहिल्या-पहिल्यांदा करपवायचास रे. आता अगदी तिच्यासारखा जमतो तुला."