पोट भरलं

मेलबर्नच्या त्या मलेशियन हॉटेलात आमची जुई चक्क स्वतःच्या हाताने जेवत होती. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. पापुद्र्यांची गरम रोटी डाळीत बुडवून, बोटं चाटून. घरून आणलेला मऊ भाताचा डबा मी हळूच पिशवीत ढकलला आणि श्वास रोखून बसले.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "वा! किती छान खाते हो तुमची मुलगी!"

"छे छे, कुठे? काहीच खात नाही ती," मी घाईघाईने इंग्रजीत म्हणाले.

त्या वळताच नवरा हसायला लागला. "दृष्ट लागेल म्हणून? अगं, मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंयस तू!"

"तू गप्प बस."

बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी जुईसाठी आणखी एक रोटी आणून दिली. जुईने ताटली सरळ बाजूला सारली.

"बघ! लागलीच ना?" टेबलावरचं मीठ मी भराभर मुठीत ओतलं. नवऱ्याचं हसू थांबलं. इकडेतिकडे बघत त्याने आपल्या भातावरच्या तिखट चटणीतली एक अख्खी लाल मिरची उचलली, कागदी रुमालाला पुसली आणि माझ्या मुठीत सरकवली.

मी हात जुईच्या डोक्यावरून फिरवणार, एवढ्यात ती ढेकर देऊन म्हणाली, "आई, पोट भरलं."

हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. मूठ हवेतच थांबली.

नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "आता तर काढच."