शाबासकी

भंगाराचा ट्रक कारखान्याच्या फाटकातून आत शिरला आणि किरणोत्सर्ग ओळखणारा भोंगा वाजला. तपासनीस बाईंनी सगळा माल उतरवून तपासला, पण हातातलं यंत्र गप्पच राहिलं. "निघू का मग, ताई?" म्हणत ड्रायव्हर जवळ आला, तसं ते किंचाळू लागलं.

"खिशात काय आहे?" बाई मागे सरकत ओरडल्या.

त्यानं बोटाएवढा चकाकता धातूचा तुकडा काढला. "हा होय? बंद पडलेल्या दवाखान्याच्या सामानात सापडला. दिसायला छान, म्हणून ठेवला."

"खाली ठेवा! लांब व्हा!"

त्यानं तुकडा ठेवला. त्याची बोटं भाजल्यासारखी लाल झाली होती. ती बघून बाईंनी घाईनं विचारलं,

"असा आणखी कुठे आहे का?"

"एक आहे की," तो चाचरत म्हणाला. "बायकोला दिला. बालवाडीत शिकवते ती. जे पोर शहाण्यासारखं वागेल, त्याला दिवसभर खिशात ठेवायला देते."